तोंडात धरलेला घोट

आमच्या घरात सूत दातानं तोडायची रीत होती. आंधळगावात कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग बरेच, आणि आमच्या मागाजवळ कैची म्हणून कधी नसायची. ताण्यातला तार तुटला की दोन्ही टोकं बोटांत धरायची, थुंकी लावून पीळ द्यायचा, बारीक गाठ मारायची आणि उरलेलं शेपूट समोरच्या दातांनी कुटकन तोडायचं. बाबूजींच्या वरच्या दाताला त्या कामानं एक खाच पडली होती. ते हसले की आधी ती खाच दिसायची, मग हसू. लहानपणी मला वाटायचं, माणूस मोठा झाला की प्रत्येकाच्या दाताला अशी खाच येते, मिशा येतात तशी. मी आरशात रोज बघायचो, आपली आली का.

सकाळी मागाच्या खटखटीनं जाग यायची. बाबूजी पाय खड्ड्यात सोडून मागावर बसलेले, धोटा इकडून तिकडे, आणि अंगणात मायनं सोड्याच्या पाण्यात कोसा, म्हणजे रेशमाचे टणक कोष, उकळायला ठेवलेला. त्या उकळत्या कोशाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. पाहुणे नाकाला पदर लावायचे. आम्हाला मात्र त्याच वासात भूक लागायची, कारण शेजारच्या चुलीवर चिन्नोर तांदळाचा भात शिजत असायचा, लाखोळीच्या डाळीचं वरण, आणि पाट्यावर वाटलेली हिरव्या मिरचीची चटणी. माझ्या मुली आता म्हणतात, बाबा, तुम्ही सगळ्या आठवणी जेवणापासून सुरू करता. मग कशापासून करू? पोट आधी भरायचं, बाकीचं मग.

तर सांगत होतो भीतीचं. आमच्या घरात साप निघाला तर माय काठीनं हाकलायची. अंधाराची, भुताची आम्हाला फिकीर नव्हती. भ्यायचो ते एका दाताला. बाबूजींचा धाकटा भाऊ, किसनकाका, दातापायी गेला होता. मी तेव्हा लहान होतो, मायसोबत तिच्या माहेरी बपेऱ्याला होतो, धाकट्या बहिणीचा जन्म तिथंच झाला. निरोप आला म्हणून आम्ही परतलो, तर काका खाटेवर पडलेला. त्याचा डावा गाल फुगून चकाकत होता आणि डावा डोळा पार मिटला होता. उजव्या डोळ्यानं तो माझ्याकडे बघत होता, आणि मी मायच्या लुगड्यामागं लपलो. दोन दिवसांत तो गेला. घरात सांगितलं जायचं ते असं : काकानं बाजारातल्या दात काढणाऱ्याकडून वरचा दात उपटून घेतला, म्हणून गाल सुजला, मग डोळा गेला आणि डोळ्यामागं जीव गेला.

"दाताची अन् डोळ्याची शीर एकच रायते," माय म्हणायची. "वरचा दात हालवला का डोळा हालला." ज्या घरात डोळ्यावर पोट, तिथं ही गोष्ट किती खोल रुतली असेल पाहा. दात दुखला की आम्ही लवंग धरायचो. लवंगेनं भागलं नाही तर हिंग. हिंगानंही भागलं नाही तर तोंड मिटून बसायचं. डॉक्टर हा शब्द दाताच्या बाबतीत आमच्याकडे कुणी उच्चारायचा नाही.

एवढं सगळं माहीत असलेला मी एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या हातानं स्वतःचे दात खराब करून बसलो, आणि तेही ताकद कमावायला. आता बोला!

तळ्याच्या पाळीवर टिनाची एक शेड होती, तिला आम्ही व्यायामशाळा म्हणायचो. चालवायचे उस्ताद. त्यांचं खरं नाव गावात अर्ध्या लोकांना ठाऊक नसेल. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत काही वर्षं काम करून ते परत आले, तेव्हा त्यांचे दंड माझ्या मांडीएवढे होते. त्यांनी ट्रकच्या गिअरची चाकं, लोखंडी पाइप आणि सिमेंटनं भरलेले तेलाचे डबे एवढ्यावर शेड उभी केली. भिंतीवर नागपूरहून आणलेलं एक रंगीत चित्र, तेल लावलेला उघडा माणूस, अंगावर दोरखंडासारख्या शिरा. "कुस्ती गेली आता," उस्ताद म्हणायचे, "आता बॉडीचा जमाना आला, लेकहो." आम्ही पोट्टे त्या चित्राकडे देवाच्या फोटोकडे बघावं तसे बघायचो.

उस्तादांचा खरा जीव मात्र होता कोपऱ्यातल्या मडक्यात. ते त्याला शक्तीचं पाणी म्हणायचे. डब्यातली ग्लुकोजची पावडर, किराणा दुकानातून आणलेलं निंबूसत, मीठ आणि थोडा गूळ. निंबूसत म्हणजे ते पांढरे खडे, मिठाईवाले दूध फाडायला वापरतात ते. एक खडा जिभेवर ठेवला तर डोळे मिटतात, इतकं आंबट. आणि त्या पाण्याचा एक नियम होता. मोठा घोट तोंडात भरायचा, गाल फुगवायचे आणि बैठका सुरू करायच्या. घोट गिळायचा नाही. श्वास नाकानं. बैठका संपल्या की मगच गिळायचा आणि दुसरा भरायचा.

"तोंड उघडलं का दम गेला," उस्ताद सांगायचे. "दम गेला का ताकत गेली. घोट धरून ठेवला का तोंड आपोआप बंद रायते. समजलं का बे?"

समजलं होतं. संध्याकाळी शेडमध्ये आम्ही दहाबारा जण गाल फुगवून, लाल डोळ्यांनी उठबस करत असायचो, कुणी बोलत नाही, फक्त नाकांचा फुसफुसाट. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर बेडकांची शाळा भरली असं म्हटलं असतं. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी उस्तादांनी मला आणि माझा दोस्त गजानन याला निवडलं, तेव्हा आमच्यासाठी आणखी एक गोष्ट सुरू झाली. तेच पाणी बाटलीत भरून दिवसभर जवळ ठेवायचं, मागावर बसलो तरी. भात कमी, पाणी जास्त. चरबी उतरली पाहिजे ना!

घरी परतलो की दात आंबलेले असायचे. जीभ फिरवली की खरबरीत लागायचे. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "राख घे चुलीतली, मीठ घाल, अन् घास जोरानं. आंबट निंघून जाते." मी घासायचो. हातात ताकद आलेली, बोटही ताकदीनं चालायचं. घासल्यावर दात इतके गुळगुळीत लागायचे की मला वाटायचं, वा, मधुकरराव, शरीर तर शरीर, दातही पैलवान झाले. रोज व्यायाम, रोज घोट, रोज राख. कितीतरी महिने.

पुढं मी शाळेत पीटीचा मास्तर झालो, आता निवृत्तही झालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता काचेची जिम आहे. पोरं हातात निळ्या-नारिंगी बाटल्या घेऊन फिरतात, दोन मिनिटांनी एक घोट, दोन मिनिटांनी एक घोट. मी मध्येच उभा राहून विचारतो, "काय आहे रे त्यात? तोंडात घोळवतोस का गिळतोस?" ती एकमेकांकडे बघून हसतात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं म्हणत असतील. म्हणोत.

पहिल्यांदा भ्यालो ते सायकलवर. हिवाळ्यात मोहाडीला चाललो होतो, गजाननशी बोलत, आणि समोरची गार हवा दातांना लागली. अशी कळ गेली की मी हँडल सोडलं. त्यानंतर माठातलं पाणी पिववेना. अंबाडीची भाजी, माझी आवडीची, ती तोंडात घालवेना. आरशात पाहिलं तर समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या झालेल्या, मागं बोट धरलं तर बोटाची सावली दिसत होती. बाकीचा दात पिवळा पडत चाललेला. मी आरसा पालथा ठेवला. कुणाला सांगू? मायला सांगितलं तर घरात काका परत खाटेवर येऊन पडणार. मी लवंगा खिशात घेऊन फिरू लागलो. तिकडे उस्ताद आम्हाला स्टेजवर उभं राहायला शिकवत होते. "छाती काढ. पोट घे आत. अन् हास बे, दात दाखव! रडके पैलवान कोनाले पायजेत?" मी ओठ मिटून हसायचो. माझ्या अंगावर त्या चित्रातल्यासारख्या शिरा उमटल्या होत्या, आणि एक वाऱ्याची झुळूक मला रडवू शकत होती.

एके दिवशी दुपारी बाबूजी जेवायला उठले आणि मी मागावर बसलो. विणत आलेलं पातळ मागावरून उतरायला थोडंच राहिलं होतं. तार तुटला. मी टोकं धरली, पीळ दिला, गाठ मारली आणि शेपूट दाताखाली घेऊन तोडलं. कुटकन आवाज आला, पण तो सुताचा नव्हता. समोर कोशाच्या सोनेरी कापडावर एक पांढरा तुकडा पडला होता, तांदळाच्या कणीएवढा. मी तो उचलला. जीभ आपोआप वर गेली आणि दाताच्या जागी तिला धारदार काठ लागला. मागं बाबूजी हात पुसत उभे होते. त्यांनी तुकडा माझ्या तळहातावर पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि बोट स्वतःच्या दाताच्या खाचेवर ठेवलं. त्यांचे डोळे मला फार भ्यालेले वाटले.

तुटलेल्या दाताशेजारचा सुळा त्याच आठवड्यात ठणकू लागला. डावीकडचा, वरचा. लवंग, मग हिंग, मग मुकाट बसणं, सगळं आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे झालं. एका सकाळी उठलो तर ओठ जड. दुपारी गाल ताठ. दुसऱ्या सकाळी अंगात ताप, आणि डाव्या डोळ्याची खालची पापणी वर चढून डोळा अर्धा मिटलेला. मायच्या हातातलं पेजेचं पातेलं खाली पडलं. अंगणभर पेज सांडली, कोंबड्या धावत आल्या, आणि माय तिथंच उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. ती मला बघत नव्हती, हे मला पक्कं कळलं. ती किसनकाकाला बघत होती. मीही तोच विचार करत होतो. गाल डावा, डोळा डावा, सगळं तसंच. मी मरणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. स्पर्धा, दंड, शिरा, सगळं कुठं गेलं देव जाणे. मला फक्त वाटत होतं की कुणीतरी सांगावं, हे तसं नाही.

बाबूजींनी खुंटीवरची टोपी काढली. "भंडाऱ्याले नेतो याले. दाताच्या डॉक्टरकडं."

माय दारात आडवी झाली. दोन्ही हात चौकटीला. "नाही. मी एक पायला. दात काढतीन ते, अन् डोळा जाईन पोराचा. मंग जीव जाईन. मी जाऊ देत नाही."

"बाजूले हो."

"तुमाले काऊन समजत नाही हो? तुमच्या भावाचं काय झालं, डोळ्यानं पायलं नाही का तुमी?"

बाबूजींनी टोपी हातातच धरली. मागाच्या खांबाला टेकून ते खाली बघत बोलले. "पायलं. मी पायलं, तू नाही पायलं. तू बपेऱ्याले होती. दात काढला मनून किसन्या सुजला नाही. आधी सुजला होता तो. गाल आला, डोळा मिटला, तरी मी त्याले घरीच ठेवला, हिंग लावून लावून. मलेच भेव वाटे दवाखान्याचं. डोळा मिटल्यावर मंग बाजारात नेलं. तो दातवाला मले म्हणे, भाऊ, टाइम गेला, भंडाऱ्याले न्या. मी म्हटलं, तू काढ, काढून टाक. तू आली तवा दात काढून झाला होता. तू म्हटलं दातानंच झालं. मी हो म्हटलं. आजवर हो म्हणत आलो."

मायचे हात चौकटीवरून खाली आले. ती रडली नाही, भांडली नाही. आत गेली, धुतलेलं धोतर फाडून त्याची पट्टी केली आणि माझ्या गालाला बांधली. मग बाबूजींना म्हणाली, "मोटार चुकन. निंघा."

बसमध्ये मी खिडकीशी बसलो, गाल काचेपासून दूर धरून. प्रत्येक खड्ड्यागणिक जबड्यात घण पडत होता. बाबूजी माझा गुडघा धरून बसले होते. माझ्या आठवणीत त्यांनी मला असं धरलेलं ती पहिलीच वेळ. वरठीचं रेल्वेचं फाटक बंद होतं, गाडी उभी राहिली, आणि मला वाटलं, इथंच टाइम जाते आता, काकाचा गेला तसा.

भंडाऱ्यातली डॉक्टरीण बाई तरुण होती, पुस्तकी मराठीत बोलणारी. तिनं माझं तोंड उघडलं, आरसा फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एकोणीस वर्षांचा ना तू? हे दात साठीतल्या माणसाचे वाटतात. काय पितोस दिवसभर?" मी सांगितलं. निंबूसत म्हटल्यावर तिची मान वर झाली. घोट धरून ठेवायचा नियम सांगितला तेव्हा तिनं मला दोनदा विचारलं, "गिळत नाहीस? तोंडातच ठेवतोस? बैठका होईपर्यंत?" आणि राखेचं कळल्यावर ती खुर्चीतच मागं टेकली. मग तिनं बाबूजींना सांगितलं की आंबट पाण्यानं दाताचं वरचं कवच मऊ पडतं. तोंडातली थुंकी ते हळूहळू पुन्हा घट्ट करते, पण व्यायामात तोंड कोरडं, वर घोटावर घोट, थुंकीला वेळ मिळणार कधी? आणि मऊ पडल्या पडल्या हा राखेनं खरवडतो. कवच उतरलं, मग ग्लुकोजच्या गोडावर पोसलेली कीड आत शिरली.

बाबूजी म्हणाले, "म्हंजे कोसा उकळल्यावानी, बाई. टणक रायते कोसा, सोड्याच्या पान्यात नरम येते. मंग नुसता हात लावला तरी तार सुटते."

"अगदी तसंच," ती म्हणाली. "कोशाचं पुढं रेशीम तरी होतं. हा सुळा काढावा लागेल. आत पू आहे."

"अन् डोळा?" बाबूजींचा आवाज मला ओळखू आला नाही.

"डोळ्यासाठीच काढायचा आहे. पू बाहेर आला नाही तर वर चढेल. पण सूज उतरून डोळा उघडेपर्यंत मी काही शब्द देत नाही. आणखी दोन दिवस उशीर केला असता तर तुम्हाला नागपूरला पाठवलं असतं."

सुईनंही ती जागा नीट बधिर झाली नाही. जास्त सांगत नाही. उजव्या डोळ्यानं मला बाबूजींचे हात तेवढे दिसत होते. ते कोपऱ्यात उभे होते आणि त्यांचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होती, सूत नसताना पीळ देत होती, सारखी, सारखी. दात निघाला तेव्हा तोंडात जी घाण आली ती मी भांड्यात थुंकली, आणि त्याबरोबर ठणका असा उतरला की मी रडलो.

घरी आल्यावर डोळा पूर्ण मिटला. बाई म्हणाली होती, असं होईल. पण मायला ते कोण समजावणार? रोज मोहाडीला सुई टोचून यायचो आणि ती सुजेवर हलकं बोट ठेवून बघायची. अंगणात कोसा उकळत नव्हता, माग बंद होता. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

उस्ताद आले. अंगणात उकिडवे बसले. बाबूजींनी त्यांना डॉक्टरीण बाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. उस्तादांनी ऐकलं. मग त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि वरची आख्खी कवळी काढून हातावर घेतली. चाळिशीचा माणूस, बैलाचे खांदे, आणि ओठ आत गेलेले, म्हाताऱ्या बाईसारखे. "खाणीत असल्यापासून पेतो मी हे पानी," ते बोबडं बोलले. "मले वाटे, माह्या बापाचेबी लवकर पडले होते, तसेच माहे पडले." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली. गजाननलाही त्यांनी स्पर्धेला नेलं नाही. शेडमधलं मडकं त्यांनी स्वतः तळ्याच्या पाळीवर नेऊन फोडलं, असं गजानन नंतर सांगायचा.

डोळा उघडला ती सकाळ. आधी एक फट, तिच्यातून पिवळा उजेड. मी हाक मारली. माय चुलीवरून तशीच आली आणि तिनं काही न बोलता माझ्या उजव्या, चांगल्या डोळ्यावर तळहात दाबला. त्या हाताला कोशाचा मुरलेला वास होता. बाबूजींनी मागावरचा एक तार तोडला, दातानंच, त्या खाचेनं, आणि दाराच्या उजेडात जाऊन तो दोन हातांत ताणला. आमच्या कामात नवशिक्याची परीक्षा अशीच घेतात. तार एकेरी आहे की दुहेरी, दुरून सांगायचं.

"एक का दोन?"

डोळ्यात पाणी भरलं होतं. मी पापणी मिटली, पुन्हा उघडली. उजेडात एक बारीक, सोनेरी रेघ थरथरत होती.

"एक," मी म्हणालो.

बाबूजी खाली बसले. पण मायनं हात काढला नाही. "आनखी इचारा," ती म्हणाली. बाबूजींनी तार दुमडला. दोन, मी म्हणालो. "आनखी." एक. "आनखी." चुलीवरचा भात करपल्याचा वास आला तरी ती विचारायला लावत होती.

आमच्या मागाच्या बाजूला बाबूजींनी त्याच आठवड्यात सुतळीनं एक कैची टांगली. माझे बाकीचे वरचे दात पुढं एकेक करून गेले, चाळिशीच्या आत मीही उस्तादांसारखी कवळी हातावर घेऊ लागलो. त्याचं दुःख आहे, पण मोठं नाही. माय मात्र जन्मभर भीत राहिली. सुट्टीत मी घरी गेलो, जेवायला बसलो, की ती मध्येच उठायची, माझा उजवा डोळा तळहातानं झाकायची आणि भिंतीवरचं काहीतरी दाखवून विचारायची, "दिसते का रे?" नातवंडं हसायची. तिच्या शेवटच्या आजारात तिलाच काही दिसत नव्हतं. तरी तिनं चाचपडत माझा चेहरा शोधला, बरोबर उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि विचारलं.

"दिसते, माय," मी म्हणालो. समोर तीच होती.